प्रेरीवरची शेतकरीण आणि तिच्या नावावर नसलेली जमीन

कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या तीन प्रेरी, म्हणजे गवताळ माळरानाच्या, प्रांतांत गावोगावचे स्थानिक इतिहास छापलेले आहेत. कोण कुठून आलं, कोणत्या साली जमीन घेतली, मुलं किती, त्यांतलं कोण कुठे गेलं, असा एकेका घराण्याचा मजकूर. आजीबद्दलच्या चार ओळी बहुतेक ठरलेल्या असतात. कष्टाळू, अडल्यानडल्याला धावून जाणारी, आठ-दहा लेकरांची आई. जमीन मात्र आजोबांनी घेतलेली असते. यामागे नुसती लिहिणाऱ्याची सवय नाही, कायदाच तसा होता.

१८७२ च्या जमीनवाटप कायद्याने १० डॉलर शुल्कात १६० एकरांचा चौकोनी तुकडा देऊ केला. हे चौकोन आखले गेले तेव्हा जमीन काही मोकळी पडलेली नव्हती. क्री, ब्लॅकफूट आणि इतर मूळ रहिवाशांशी १८७१ ते १८७७ या काळात सात करार झाले आणि त्यांना राखीव तुकड्यांवर ढकलून बाकीचा प्रदेश वाटपासाठी खुला केला गेला. शेतकरणीवर झालेला अन्याय सांगताना हा आधीचा अन्याय गाळता येत नाही.

१८७६ च्या दुरुस्तीने जमिनीसाठी अर्ज कोण करणार हे पक्कं केलं. अठरा वर्षांचा कोणताही पुरुष चालेल. बाई मात्र ‘कुटुंबाची एकटी कर्ती’ असली तरच. प्रत्यक्षात याचा अर्थ लहान मुलं पदरात असलेली विधवा. नवऱ्यासोबत आलेली बायको, लग्न न झालेली मुलगी, मूल नसलेली विधवा, सगळ्या बाद. त्यामुळे एकाच घरात अठरा वर्षांच्या मुलाला शेजारचे १६० एकर मिळत आणि त्याच्याहून थोरल्या, बैल हाकून नांगरट करणाऱ्या बहिणीला काहीच मिळत नसे. सरहद्दीच्या दक्षिणेला, अमेरिकेत, २१ वर्षांची अविवाहित मुलगी स्वतःच्या नावावर जमीन मागू शकत होती.

बायको सरकारला नको होती असं अजिबात नाही. १८९६ नंतर पूर्व युरोपातून शेतकरी आणण्याचं धोरण ज्या मंत्र्याने राबवलं, त्याने पुढे १९२२ मध्ये आपल्याला कसा माणूस हवा होता ते सांगितलं: मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, दहा पिढ्यांचा शेतकरी, धडधाकट बायको आणि अर्धा डझन मुलं असलेला. बायको-मुलांचा हिशेब धरूनच वसाहत उभी करायची होती. फक्त कागदावर एकच नाव घालायचं होतं.

त्या बायकोचं काम काय होतं, हे थोडं जवळून पाहायला हवं. झाडं नसलेल्या माळावर पहिलं घर मातीचं. नांगराने गवतासकट मातीच्या लांब पट्ट्या उलटवायच्या, त्यांचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून भिंत रचायची. पाऊस बाहेर थांबला तरी छत आत गळत राही. एडमंटनच्या पूर्वेला वसलेल्या युक्रेनी बायका लाकडी भिंतींना माती, भुसा आणि शेणाचा गिलावा करून वर चुना देत. पहिली काही वर्षं हातात रोकड नसे, म्हणून पुरुष रेल्वेच्या नाहीतर खाणीच्या कामावर महिनोन्महिने जात. मागे झुडपं तोडणं, दगड वेचणं, गुरं सांभाळणं बायकोवर. रशियातून आलेल्या दुखोबोर पंथाच्या बायकांनी १८९९ मध्ये स्वतःला जोड्यांनी जुंपून घेऊन नांगर ओढला. त्या प्रसंगाची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात.

मळणीचे दिवस वेगळेच. वाफेचं यंत्र घेऊन वीसेक गड्यांची टोळी दारात उतरे. पहाटेची न्याहारी, शेतावर दोनदा न्यायचं खाणं, दुपारचं जेवण आणि रात्रीचं, असं दिवसातून पाच वेळा त्यांना वाढावं लागे. पाव, बटाटे, मांस, भाजलेली ‘पाई’, सगळं एका लाकडाच्या चुलीवर, पाणी विहिरीवरून ओढून, कडेवर एखादं तान्हं. बाळंतपणं घरात, शेजारणीच्या हातून; डॉक्टर पोचेपर्यंत पुष्कळदा सगळं उरकलेलं असे, बरं किंवा वाईट. गव्हाचे पैसे वर्षातून एकदा येत आणि कर्जात जात. घरात वर्षभर फिरणारा पैसा लोणी-अंड्यांचा. दुकानदार ती घेऊन त्या बदल्यात साखर, चहा, कापड देई. पीक बुडालं त्या साली कुटुंब तगलं ते या लोण्या-अंड्यांवर, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात दुर्लक्षित सत्य वाटतं.

आता एक गुंतागुंतीचा शब्द, डॉवर. जुन्या इंग्रजी कायद्यात नवऱ्यामागे विधवेला त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागावर हयातीपुरता हक्क असे, त्याला डॉवर म्हणत. प्रेरीवर जमिनीचे व्यवहार सुटसुटीत, एका नोंदीवर चालावेत म्हणून १८८५-८६ मध्ये तो काढून टाकला गेला. परिणाम असा की जिथे ती राबली ते घर-शेत नवरा तिला न विचारता विकू शकत होता, गहाण टाकू शकत होता, मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देऊ शकत होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर शेतकरी बायकांनी याविरुद्ध अर्जविनंत्या सुरू केल्या. सस्कॅचवानमध्ये १९१५, अल्बर्टात १९१७ आणि मॅनिटोबात १९१८ साली कायदे झाले. मताचा हक्क तिन्ही प्रांतांत १९१६ मध्ये मिळाला. राहतं घर-शेत विकायला आता बायकोची लेखी संमती लागू लागली. नाव जुनंच राहिलं, पण ही डॉवर मुख्यतः नकाराधिकार होती, मालकी नव्हती. दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरल्याने ‘शेतकरणीला १९१७ मध्ये जमिनीत वाटा मिळाला’ असं विधान अजूनही वाचायला मिळतं. ते चूक आहे.

त्याच सुमारास स्त्रियांना होमस्टेड, म्हणजे सरकारी वाटपातले १६० एकर, द्या, अशी स्वतंत्र चळवळही झाली. हजारो सह्या जमल्या. तिची मागणी मात्र ब्रिटिश वंशाच्या स्त्रियांपुरती होती, आणि गिलावा करणाऱ्या त्या युक्रेनी बायका तीत बसत नव्हत्या. सरकारने नकारच दिला. १९३० मध्ये जमिनी प्रांतांकडे गेल्या तोवर चांगली जमीन बहुतेक वाटून संपली होती.

वाटा नव्हता म्हणजे काय, ते कळलं १९७३ मध्ये. अल्बर्टातल्या एका पशुपालक जोडप्याचं लग्न १९४३ चं. दोघांनी आधी दुसऱ्यांच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या कुरणांवर, मजुरी केली, मग स्वतःची जमीन घेतली. नवरा वर्षातले पाच महिने बाहेरच्या कामावर. त्या काळात गवत कापणं, गोळा करणं, ट्रक-ट्रॅक्टर चालवणं, गुरांना लस टोचणं, शिंगं काढणं, डाग देणं, घोडे वठणीवर आणणं हे सगळं बायकोने केलं. १९६८ मध्ये दोघं वेगळी झाली आणि तिने मालमत्तेत अर्धा वाटा मागितला. खालच्या कोर्टाने तिला महिना २०० डॉलर पोटगी दिली, वाटा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तेच कायम केलं. तिने केलं ते कोणतीही रँचवाल्याची बायको करते तेवढंच काम होतं, हा खालच्या कोर्टाचा निष्कर्ष तिथे टिकला. एका न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं: तिचे श्रम असामान्य होते आणि नवऱ्याला ते फुकट पचवू देणं अन्याय आहे.

या निकालातला तर्क नीट पाहावा. सगळ्याच बायका राबतात, म्हणून हिच्या राबण्याला मोल नाही. म्हणजे १८७६ पासून ज्या कष्टांवर प्रांतच्या प्रांत वसवले, ते सर्रास होते याच कारणाने शून्य ठरले. काही अभ्यासक म्हणतात की न्यायाधीशांचे हात तेव्हाच्या ट्रस्टविषयक कायद्याने (एकाच्या नावावरची मालमत्ता दुसऱ्याचीही कधी मानायची, ते ठरवणाऱ्या) बांधलेले होते. मला हे पटत नाही. कायदा तोच होता, आणि विरोधी मत देणाऱ्याला त्यातूनच वाट सापडली. पुढे घटस्फोटाच्या वेगळ्या दाव्यात तिला ६५,००० डॉलर एकरकमी मिळाले, तेही पोटगी म्हणूनच.

देशभर स्त्रिया संतापल्या. शहरात नोकरी करणाऱ्या बाईलाही आपलं घर आठवलं. १९७८ मध्ये सस्कॅचवानच्या एका शेतकरी जोडप्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बायकोला अर्धा वाटा दिला. १९७८ ते १९८० या काळात प्रांतोप्रांती वैवाहिक मालमत्तेचे नवे कायदे झाले आणि लग्नानंतर कमावलेल्यात दोघांचा वाटा धरला जाऊ लागला. १९८० पर्यंत शेतकऱ्याने बायकोला दिलेला पगार प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नव्हता. शेजाऱ्याच्या बायकोला दिलेला येत होता. तो नियमही बदलला.

कृषिगणनेच्या अर्जात एका शेतावर एकाहून अधिक चालक लिहिण्याची सोय झाली १९९१ मध्ये. तोवर रकाना एकच होता आणि त्यात बहुतेक घरांतून नवऱ्याचं नाव जाई. २०२१ च्या गणनेत कॅनडातल्या शेतचालकांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रिया नोंदल्या गेल्या.