परराज्यातून आलेल्या महिलेचा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज: कुठे, कोणत्या कागदांवर, कोणत्या भाषेत

जालन्याच्या स्टील कारखान्यांत किंवा वाळूज एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची कुटुंबे कामाला येतात. त्यातल्या एखादीला नवरा मारत असेल, तर तक्रारीसाठी तिला गावी जायची गरज नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 नुसार ती तात्पुरती राहते तिथेही अर्ज चालतो. आधारवर बाहेरचा पत्ता आहे म्हणून कोणी परत पाठवू लागले, तर हे कलम दाखवा. बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या बाईलाही तेच लागू: अर्ज तिथेही करता येतो, परतल्यावर इथेही.

मारहाण चालू असेल तर 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) वर फोन करा. जखम असेल तर आधी सरकारी दवाखाना, आणि केसपेपर सांभाळून ठेवा. त्यानंतर संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली महिलांच्या मदतीसाठी नेमलेले सरकारी अधिकारी. ते नमुना 1 मध्ये घटना अहवाल आणि नमुना 2 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज भरून देतात. भाडेकरार बहुतेकींकडे नसतोच. खोलीमालकाची पावती, मुलाचा शाळेतला बोनाफाईड, लग्नाचा फोटो, जे असेल ते जोडा. कागद कमी आहेत म्हणून थांबू नका.

खरी अडचण भाषेची. भोजपुरीत ‘मारेला’ म्हणजे नेहमी मारतो. आपल्याकडच्या हिंदीत ‘मारेला’ म्हणजे मारलेला. त्यामुळे रोजचा छळ अहवालात ‘एकदा मारले’ असा उतरतो, आणि कोर्टात तोच धरला जातो. म्हणून ती बोलते तशी वाक्ये आधी तिच्याच भाषेत लिहून घ्या, किती वर्षे, आठवड्यातून किती वेळा हे विचारा, मग मराठी करा. दीर, ठेकेदार किंवा तिचे मूल यांना दुभाषी करू नका. त्यांच्यासमोर ती अर्धेच सांगते. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर (हिंसाग्रस्त महिलांसाठीचे सरकारी मदत केंद्र) किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (15100) दुभाषी मागा. प्राधिकरणाचा वकील महिलेला उत्पन्न न पाहता मोफत मिळतो. दुभाष्याचे नाव आणि भाषा अहवालात लिहायला लावा.

ती निरक्षर असेल तर अर्ज वाचून समजावणे हे संरक्षण अधिकाऱ्यांचे काम आहे. मराठीत वाचून ते होत नाही. तिला कळेल अशा भाषेत वाचून झाल्याशिवाय अंगठा नको.

पहिली सुनावणी साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात लांबते. म्हणून कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच दिवशी, नमुना 3 च्या शपथपत्रासह मागा. आदेशाची प्रत मोफत मिळते आणि आदेश देशभर लागू असतो. ती गावी परतणार असेल, तर निघण्याआधी त्याचे हिंदी किंवा ओडिया भाषांतर करून सोबत द्या. तिथल्या ठाण्यात मराठी कोण वाचणार?