डिकीत स्टेपनीच नाही! मग पंक्चर झालं तर?

जळगाव-धुळ्याकडे शोरूममधे गाडी बघायला गेलात ना की डिकी उघडून खालचं मॅट उचलून बघाच. बऱ्याच नव्या गाड्यांमधे, इलेक्ट्रिकमधे तर जास्तच, तिथे आता चाक नसतं, एका खाचेत छोटा कॉम्प्रेसर आणि एक बाटली ठेवलेली असते. सेल्समन म्हणतो, "भाऊ, पंक्चर किट आहे ना, स्टेपनी लागतेच कुठे!" हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं गाडी बुक करायच्या आधी कळलेलं बरं.

कंपनीने काही चोरून केलेलं नाही हे आधी सांगतो. जुलै 2020 मधे केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ड्रायव्हर धरून 9 सीटपर्यंतच्या, साडेतीन टनापर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, रिपेअर किट आणि टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर सांगणारी सिस्टीम, म्हणजे टीपीएमएस, असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. कंपनीचे पैसे वाचतात, बॅटरीला जागा मिळते, पंधरा-वीस किलो वजन घटतं. मायलेजचं कारण मात्र मला फार पटत नाही, हजार किलोच्या गाडीत ते दीड-दोन टक्के वजन आहे, पेट्रोलच्या बिलात तुम्हाला जाणवणार पण नाही.

आता बाटलीचं काम बघू, कारण ते खरंच हुशारीचं आहे. बाटलीत पातळ द्रव असतो आणि त्यात रबराचे, म्हणजे लॅटेक्सचे, अगदी बारीक कण तरंगत असतात. कॉम्प्रेसर तो द्रव व्हॉल्व्हमधून टायरमधे ढकलतो आणि मागून हवा भरतो. मग लगेच गाडी चालवायची, ताशी 80 च्या आतच, म्हणजे चाक फिरून द्रव आतून सगळीकडे पसरतो. भोकातून हवा जोरात बाहेर पडताना हा द्रवही ओढून नेते, त्या अरुंद वाटेत कण एकमेकांवर घासून चिकटतात आणि जखमेवर रक्त साकळावं तसा तिथे रबराचा बूच बसतो. थोडे किलोमीटर गेल्यावर थांबून प्रेशर परत चेक करायचं, टिकलं असेल तर हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जायचं.

पण हा बूच बसतो कुठे, तर टायर रस्त्याला जिथे टेकतो त्या भागात, आणि भोक साधारण 4 ते 6 मिलीमीटरपर्यंत असेल तरच. वेड्या बाभळीचा काटा, बारीक खिळा, स्क्रू, इथवर किट पुरतं. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फाटली तर बाटली पूर्ण निकामी. कारण टेकणाऱ्या भागाखाली स्टीलच्या तारांचे पट्टे असतात, तो फारसा हलत नाही, पण बाजूच्या भिंतीत ते पट्टे नसतात आणि ती चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबते-फुगते, त्या हालचालीत कुठलाच बूच टिकत नाही. तळोद्याहून चांदशैली घाट चढून धडगावला जाताना, किंवा तोरणमाळच्या वाटेवर, टायर डांबराच्या तुटक्या कडेवरून नाहीतर धारदार दगडावरून गेला तर फाटतं ते बहुतेक बाजूलाच. तिथे मोबाईलला रेंज मिळेल की नाही हेही नक्की नाही, मग कंपनीची रोडसाइड मदत बोलवायची तरी कशी?

आपल्याकडचं ऊन हा वेगळाच विषय. 15 अंशाच्या पहाटे 33 पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजतात ते माप) भरलेली हवा टायर 45 अंशाला तापला की साधारण 38 दाखवते, हवा तितकीच, फक्त गरम झालेली, म्हणून ती घाबरून सोडू नका. खरा धोका उलटा आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, त्या दबण्याने आतून तापतो, आणि भुसावळच्या मे महिन्यात हायवेवर असा टायर फुटायला वेळ लागत नाही. टीपीएमएसचा दिवा म्हणूनच महत्त्वाचा, पेटला की पुढच्या गावापर्यंत ताणू नका, थांबा.

दुसरे पर्याय पण आहेत. रनफ्लॅट टायरची बाजूची भिंत इतकी जाड असते की हवा पूर्ण गेली तरी साधारण 80 किलोमीटर, ताशी 80 ने, गाडी नेता येते, पण तो महाग आणि खड्ड्यात जास्त हादरतो. आतून चिकट थर दिलेले सेल्फ-सीलिंग टायर 5-6 मिलीमीटरचं भोक आपोआप बुजवतात, साइडवॉलला तेही चालत नाहीत. राहिली बारकी स्टेपनी, म्हणजे नेहमीपेक्षा अरुंद, तात्पुरतं चाक, तिला ताशी 80 ची मर्यादा आणि हवा बहुतेक वेळा 60 पीएसआय लागते, पंपावर सवयीने 33 भरून देतात तिकडे लक्ष ठेवा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल आणि पुढचंच चाक पंक्चर असेल तर मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि बारकं मागे लावा, डबल मेहनत आहे पण ब्रेक आणि स्टिअरिंगसाठी तेच बरं.

माझं मत स्पष्ट आहे. जळगाव-धुळे-नाशिक हायवेवरच गाडी फिरणार असेल तर किट पुरेल. सातपुड्यात, शेतरस्त्याने किंवा रात्री-बेरात्री जाणं असेल तर बारकी का होईना स्टेपनी डीलरकडे मागाच, त्या मॉडेलला बसते का आणि जॅक-पाना सोबत मिळतो का हेही विचारा, वेगळे पैसे लागले तरी द्या.

आणि किटच घेतलं तर बाटलीवरची एक्सपायरी बघा, साधारण चार-पाच वर्षांची असते. वापरल्यावर पंक्चरवाल्याला टायर खोलायच्या आधीच सांगा की आत सीलंट, म्हणजे बाटलीतला तो द्रव, आहे, म्हणजे तो टायर आणि आतला प्रेशर सेन्सर नीट पुसून घेईल, नाहीतर द्रव वाळून सेन्सर चोंदतो आणि पुढच्या वेळी हवा गेली तरी दिवा पेटत नाही.