परितेवाडीच्या आधीचं आणि बाजूचं

सोलापुरात शिक्षक आणि इंटरनेट असा विषय निघाला की गाडी थेट परितेवाडीला जाऊन थांबते. माढा तालुक्यातल्या या गावच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना जाहीर झाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण गोष्ट तिथूनच सुरू केली की तिच्या मुळाशी असलेला ग्रंथपाल कुणाला दिसत नाही.

सुरुवातीचं वेब हे बहुतेकांसाठी वाचायचं ठिकाण होतं. पान कुणीतरी बनवायचं, बाकीच्यांनी पाहायचं. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी उघडली आणि कुणीही पान दुरुस्त करावं, अशी सोय केली. नाव सुचलं होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. मग १९९९ मध्ये ब्लॉग लिहायचं ब्लॉगर, २००१ मध्ये विकिपीडिया, २००४ मध्ये फोटो ठेवायचं फ्लिकर, २००५ मध्ये यूट्यूब. मराठी विकिपीडियाही २००३ सालचा, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. एचटीएमएल, म्हणजे वेबपान बनवायची सांकेतिक भाषा, न शिकता वेबवर लिहिता येऊ लागलं, हा खरा बदल.

हा बदल सामान्य कर्मचाऱ्यापर्यंत कसा न्यायचा, याचं गाजलेलं उत्तर शोधलं एका सार्वजनिक ग्रंथालयाने. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी २००६ साली ‘तेवीस गोष्टी’ नावाचा उपक्रम सुरू केला. वर्ग नाही, व्याख्यान नाही. नऊ आठवड्यांत तेवीस छोटी कामं ज्याने त्याने आपल्या वेळेत करायची: स्वतःचा ब्लॉग उघड, त्यावर अनुभव लिही, फोटो चढव, दुव्यांना खुणेचे शब्द लाव, विकीवर एक ओळ भर. सगळं पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेयर. (बक्षिसाशिवाय माणूस हलत नाही हे तिथेही खरंच!) देवघेव विभागात बसणारी व्यक्तीही हे करू शकते, हे त्यातून दिसलं. उपक्रम नक्कल करायला खुला होता. जगभरच्या शेकडो ग्रंथालयांनी तो उचलला, पुढे शिक्षकांसाठीही त्याची रूपं निघाली.

त्याच सुमारास आपल्याकडचे गुरुजी एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रामागे होते, कारण ते वेतनवाढीशी जोडलेलं होतं. फाइल कशी जतन करायची हे कळलं. वेबवर मराठी लिहायची मात्र पंचाईत. फॉन्ट प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे एका संगणकावरची प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की नुसती चिन्हं. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारं युनिकोड रुळेपर्यंत हा छळ चालला. गूगलवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आली ती थेट २०१७ मध्ये. माझ्या मते कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा या एका सोयीने जास्त शिक्षकांना लिहितं केलं.

‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रुळला तो ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमाच्या दिवसांत. त्याचा शासन निर्णय २२ जून २०१५ चा. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, शाळा ‘डिजिटल’ झाल्या. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि स्वस्त डेटा वस्तीपर्यंत पोचला. बरोबर एक वर्षाने, पुन्हा शिक्षक दिनीच, केंद्र सरकारचं दीक्षा हे शैक्षणिक साहित्याचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं.

क्यूआर कोड या सगळ्यात चपखल का बसला? जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तो १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तयार झाला. कंपनीने पेटंटचा हक्क गाजवला नाही, म्हणून तो सर्वांचा झाला. त्यात चूक-दुरुस्तीची सोय असते; सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. दप्तरात चुरगळलेल्या, भाजीचा डाग पडलेल्या पुस्तकाला याहून सोयीचं काय असणार? पुस्तक कागदीच राहतं आणि पालकाच्या फोनवर कविता ऐकू येते. परितेवाडीत कोडामागे शिक्षकाने स्वतः जमवलेलं साहित्य होतं आणि मुलांसाठी गृहपाठही.

पुढे राज्याच्या पुस्तकांवर कोड आले, २०१८ मध्ये एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पुस्तकांसाठीही घोषणा झाली. पण व्याप वाढताना काहीतरी हरवलं. कोडामागचं साहित्य वरून ठरू लागलं, शिक्षकाचं काम उरलं स्कॅन करून दाखवण्याचं. वेब लिहितं झालं होतं, ते वर्गात येता येता पुन्हा पाहायचं झालं. सोलापूर जिल्ह्यात हे जास्त टोचतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे घरची भाषा कन्नड, शहरात तेलुगू आणि उर्दूही; इथे एकच तयार व्हिडिओ कुणाकुणाला पुरणार? पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत आणणं हाही डिसले गुरुजींच्या कामाचा भाग होता. तो बातम्यांत कोडाच्या मागे झाकला गेला.

फोनच नसेल तर काय, हा प्रश्न २०२० च्या टाळेबंदीत उघडा पडला. शहरातल्या नीलमनगर या कामगार वस्तीत शाळेने घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुलं अंतर ठेवून भिंतीसमोर उभी राहून शिकली.

आणि ग्रंथपाल? सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करणारा महाराष्ट्र. तो कायदा १९६७ चा. संगणक आला तेव्हा ग्रंथपालाच्या वाट्याला मुख्यतः तालिका, म्हणजे पुस्तकांची यादी, आली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण ग्रंथालयासाठी बनलेलं, २००० साली सुरू झालेलं ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर असो की आपल्या एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय, दोन्हींचा गाभा दाखल नोंदवही आणि देवघेव. काम गरजेचंच, पण त्यात वाचकाने काही भरायची जागा थोडी. शिक्षकांना निदान आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेत एकमेकांचं पाहून शिकता आलं. गावच्या वाचनालयात किंवा शाळेतल्या अर्धवेळ ग्रंथपालाच्या टेबलाशी असा शेजारी नसतो. त्यामुळे शार्लटची पद्धत खरी जुळते ती या ग्रंथपालांशी. तिथल्या तेवीस कामांमधली डिलिशससारखी (दुवे जतन करायची) साधनं केव्हाच बंद पडली, पण यादी बदलता येते: मराठी विकिपीडियावर आपल्या गावाच्या लेखात एक दुरुस्ती, अभ्यासिकेतल्या मुलांसाठी गूगल फॉर्मवर दहा प्रश्न, कपाटावर आपण स्वतः बनवलेला एक क्यूआर कोड.