कार्यात्मक जीनोमिक्स आणि कोकणातील पैदास

सजीवातील जनुकांचा क्रम वाचून न थांबता कोणते जनुक कोणत्या अवयवात, केव्हा आणि कशासाठी जागे होते याचा शोध घेणारी शाखा म्हणजे कार्यात्मक जीनोमिक्स. भाताच्या बारा गुणसूत्रांचा क्रम २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील जनुकांची कामे उलगडणे अजून चालू आहे.

कोकणात या शाखेचे खरे काम खारजमिनीत आहे. खाडीकाठची ही शेते बांध आणि उघाड्यांच्या (पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपांच्या) आधाराने राखलेली असतात. बांध फुटला की भरतीचे पाणी आत शिरते. पावसाने मीठ धुऊन जाते, पण त्याने ओढ दिली की क्षार पुन्हा वर येतात. भात सर्वांत नाजूक असतो तो रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या रता या तांबड्या दाण्याच्या स्थानिक भातांतून काळा रता १-२४ आणि भुरा रता ४-१० हे निवडवाण आले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून पुढे पनवेल १, २, ३ ही वाणे निघाली.

रता मीठ सोसतो हे शेतकऱ्याला ठाऊक होतेच. तो कसे सोसतो, हा पुढचा प्रश्न. बंगालकडील नोना बोक्रा या भातात २००५ मध्ये एक जनुक सापडले. ते मुळांतून वर चढणाऱ्या रसातला सोडियम काढून घेते, त्यामुळे पानांत मीठ कमी पोचते. असे जनुक माहीत असले की संकरित रोपाच्या पानाचा तुकडा तपासून निवड करता येते, कापणीची वाट पाहावी लागत नाही. भातातल्याच डीएसटी या दुसऱ्या जनुकाचे काम उलटे आहे: ते निकामी केले की पानांची रंध्रे मिटतात आणि रोप दुष्काळ व क्षार दोन्ही अधिक सोसते. त्यात जनुकसंपादन (जनुकात नेमका बदल) करून तयार केलेले ‘पुसा डीएसटी राइस १’ मे २०२५ मध्ये जाहीर झाले.

मात्र रोपावस्थेत तारणारे जनुक फुलोऱ्यात तारेलच असे नाही. केरळच्या पोक्काली भातात किंवा नोना बोक्रात सापडलेले उत्तर रत्याला लागू आहे असे गृहीत धरण्यापेक्षा रत्याचीच मुळे आणि कणसे खाऱ्या पाण्यात तपासणे अधिक मोलाचे ठरेल.

पशुपैदास याहून अवघड आहे. कोकण कपिला गाय आणि कोकण कन्याळ शेळी उष्ण, दमट हवेला सरावलेल्या आहेत. पण जीनोमवरून, म्हणजे जनावराच्या संपूर्ण जनुकसंचावरून, निवड करायची तर शेकडो जनावरांचे दूध, वेते आणि आजार यांच्या नोंदी लागतात, आणि डोंगरउतारावर मोकळ्या चरणाऱ्या गुरांच्या अशा नोंदी सहसा कोणी ठेवत नाही.