पार्श्वभूमी : कोल्ड स्प्रेचा थर आणि भट्टीचा वाद

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत झिजलेला शाफ्ट भरून घ्यायची रीत जुनी आहे. बेअरिंगची जागा लेथवर खरखरीत कापायची, वितळलेल्या तारेचा फवारा मारायचा आणि पुन्हा मापाला टर्निंग करायचं. कोल्ड स्प्रेमध्ये मात्र धातू वितळतच नाही. कोरडी भुकटी नायट्रोजनच्या नाहीतर हेलियमच्या झोतात इतक्या वेगाने आदळते की कण चपटे होऊन एकमेकांत रुततात.

अशी भुकटी फेकण्याचं एक अमेरिकी पेटंट १९०२ चं आहे, पण खरी सुरुवात १९८० च्या दशकात झाली. सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या सुपरसॉनिक (ध्वनीपेक्षा वेगवान वाऱ्याच्या) चाचणी-बोगद्यात कणमिश्रित झोतावर प्रयोग चालले होते. ठरावीक वेगाच्या पुढे कण पृष्ठभाग खरवडायचे थांबले आणि चिकटू लागले. तांब्यासाठी हा वेग सेकंदाला साधारण ५०० ते ६०० मीटर. कण नेमके कशाने चिकटतात यावर २०१८ पासून पुन्हा वाद पेटलाय, पण थर वापरणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

त्याला फरक पडतो तो थराच्या तुटण्याने. ताणचाचणीत, म्हणजे तुटेपर्यंत ओढून, फवाऱ्याच्या थराची पट्टी बघा: ना मधे बारीक होते, ना लांबी वाढते. आपली कडक भाकरी मोडते तशी ती कटकन मोडते. मऊ केलेलं तांबं ४० टक्क्यांच्या आसपास ताणलं जातं. नुसत्या नायट्रोजनने मारलेला थर बऱ्याचदा एक टक्काही ताणला जात नाही. कारणं दोन आहेत. आदळून आदळून प्रत्येक कण आतून ताठरलेला असतो, आणि दोन कणांमधली सीमा जागोजागी नुसती टेकलेली असते, जुळलेली नसते. तडा त्या सीमेनेच धावतो.

रिपोर्टातली ‘ताकद’ इथे फसवते. नेहमीच्या बॉन्ड टेस्टमध्ये थरावर गोंदाने गुटका चिकटवून ओढतात. सत्तर-ऐंशी मेगापास्कल (ताणाचं एकक) झाले की गोंदच सुटतो आणि कागदावर ‘थर शाबूत’ असं लिहिलं जातं. थराने खालच्या धातूला धरून ठेवणं वेगळं आणि थर स्वतः ताण सोसणं वेगळं. २००८ मध्ये अमेरिकेत लष्करी कामासाठी या प्रक्रियेचं मानक निघालं आणि विमानांचे सुटे भाग दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा हा फरक टाळता येईना.

मग भट्टी आली आणि वाद सुरू झाला. तांब्याचा थर ४०० अंशांच्या आसपास तासभर ठेवला की आत धातूचे नवे स्फटिकदाणे तयार होतात, ताठरपणा जातो, सीमांवरून अणू सरकून त्या सांधल्या जातात. कठीणपणा उतरतो, ताणलं जाणं परत येतं. ॲल्युमिनियमच्या कणांवरची ऑक्साइडची साय मात्र तुकड्यातुकड्यांनी तिथेच राहते. ज्या प्रक्रियेचं सारं नाव ‘उष्णता नको’ म्हणून झालं, तिलाच शेवटी भाजायचं का, असा आक्षेप घेतला गेला. मला तो अर्धाच पटतो. फवाऱ्यानेच उभा केलेला स्वतंत्र भाग खुशाल भाजावा. पण इंडक्शनने (विजेच्या कॉइलने पृष्ठभाग तापवून) कठीण केलेला कॅम, म्हणजे शाफ्टवरचा उंचवटा, ४०० अंशांत घातला तर थर सुधारेल आणि कॅम मऊ पडेल. चिंचोळीत कॅमशाफ्ट बनवणाऱ्या कामगाराला हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुरुस्तीत म्हणूनच मला आधी वेगावर खर्च करणं योग्य वाटतं. हेलियममध्ये ध्वनीचा वेग नायट्रोजनच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे कण जोरात बसतात आणि सीमा सुरुवातीपासूनच बऱ्या जुळतात. अडचण त्याच्या किमतीची, म्हणून तो गोळा करून पुन्हा वापरतात. भुकटीत मोठे पोलादी छर्रे मिसळून प्रत्येक थर जागीच ठोकायचा, ही त्यानंतरची युक्ती. छर्रे चिकटत नाहीत, छिद्रं बुजतात, पण थर आणखी ताठरतो. अलीकडे लेझरने फक्त थराचीच जागा तापवून बघतात, म्हणजे खालच्या शाफ्टला भट्टी दाखवावी लागत नाही.