आर्मेन्दारिस, पेद्रो (चित्रपट-कारकीर्द)

पेद्रो आर्मेन्दारिस (९ मे १९१२ – १८ जून १९६३). मेक्सिकन चित्रपटांच्या सुवर्णकाळातील अग्रगण्य अभिनेता. मेक्सिको, हॉलिवूड आणि युरोप मिळून त्याने शंभराहून अधिक चित्रपटांत काम केले. मेक्सिकोबाहेर तो मुख्यतः ओळखला जातो तो ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटातल्या केरीम बे या भूमिकेमुळे. ती भूमिका झकास असली, तरी तेवढ्यावरून त्याची पारख करणे म्हणजे त्याच्या कारकिर्दीचे शेवटचे पान तेवढे वाचण्यासारखे आहे.

त्याचा जन्म मेक्सिको शहरात झाला. वडील मेक्सिकन, आई अमेरिकन. बालपणाचा काही काळ टेक्ससमध्ये आणि पुढचे शिक्षण कॅलिफोर्नियात झाल्यामुळे स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही त्याच्या तोंडात सहज बसल्या होत्या. मायदेशी परतल्यावर त्याने रेल्वेत नोकरी केली, पर्यटकांना गावे दाखवली, नियतकालिकात लिहिले. एका अमेरिकन पर्यटकासमोर तो हॅम्लेटचे स्वगत म्हणत असताना दिग्दर्शक मिगेल साकारिआसने त्याला हेरले, असे सांगितले जाते. गोष्ट जरा जास्तच बेतीव वाटते. पण त्याचा पहिला चित्रपट, ‘रोसारिओ’ (१९३५), साकारिआसचाच होता हे खरे.

त्या काळच्या मेक्सिकन पडद्यावर नायकाला गाता येणे जवळजवळ सक्तीचे होते. खोर्खे नेग्रेते आणि पेद्रो इन्फान्ते हे दोन मोठे तारे मुळात गायक. मोठ्या काठाची टोपी, घोडा आणि गाणे एवढ्या सामग्रीवर चित्रपट उभे राहत. आर्मेन्दारिसकडे टोपी होती, घोड्यावर त्याची मांड पक्की होती. गळा मात्र नव्हता. धिप्पाड अंगकाठी, दाट मिशा, हिरवट डोळे, खर्जातला आवाज आणि न बोलता उभे राहण्याची ताकद यांच्या जोरावर त्याला पडदा भरून काढावा लागला. गाण्याची उणीव त्याला बाधली नाही, उलट तिनेच त्याला नट केले, असे म्हणता येईल.

या गुणांचा खरा उपयोग केला तो ‘एल इंदिओ’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शक एमिलिओ फेर्नान्देसने. ‘ला इस्ला दे ला पासिओन’ (१९४१) या फेर्नान्देसच्या दिग्दर्शनातील पदार्पणापासूनच आर्मेन्दारिस त्याच्यासोबत होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तटस्थ अर्जेंटिनाची कच्च्या फिल्मची रसद आखडती घेतली आणि मित्रराष्ट्रांच्या बाजूच्या मेक्सिकोला ती मोकळ्या हाताने दिली. त्यामुळे मेक्सिकोतले स्टुडिओ अहोरात्र चालू लागले. त्याच सुमारास दोलोरेस देल रिओ हॉलिवूड सोडून मायदेशी परतली आणि एक मंडळी जमली: दिग्दर्शक फेर्नान्देस, छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ, पटकथाकार माउरिसिओ माग्दालेनो, आणि पडद्यावर देल रिओ व आर्मेन्दारिस. ‘फ्लोर सिल्व्हेस्त्रे’ (१९४३) मध्ये शेतकरी घरातल्या मुलीशी लग्न करून मेक्सिकन क्रांतीत उडी घेणारा जमीनदारपुत्र त्याने रंगवला. पाठोपाठ आला ‘मारिया कान्देलारिआ’.

१९०९ सालचे मेक्सिको शहराजवळचे सोचिमिल्को, तिथले कालवे, फुलांनी भरलेल्या होड्या. गावाने वाळीत टाकलेली मारिया आणि तिच्याशी लग्न करू पाहणारा गरीब आदिवासी लोरेन्सो राफाएल यांची ही कथा. मारियाला हिवताप होतो, दुकानदार दामिआन क्विनीन देत नाही. लोरेन्सो ते चोरतो आणि तिच्यासाठी लग्नाचा एक पोशाखही उचलतो. क्विनीनची चोरी गरजेची, पोशाखाची हौसेची, तुरुंगवास दोन्हींसाठी. गाव मारियाला दगडांनी ठेचते तेव्हा तो गजाआड असतो. पुढे तिचा देह होडीत ठेवून तो कालव्यातून नेतो, त्या दृश्यात त्याला एकही संवाद नाही. १९४६ च्या कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च सन्मान विभागून मिळाला. लॅटिन अमेरिकेच्या वाट्याला तो पहिल्यांदाच आला. देल रिओ धनाढ्य घराण्यातली आणि आर्मेन्दारिस हिरव्या डोळ्यांचा, त्यांना आदिवासी म्हणून उभे करणे म्हणजे शहरी राष्ट्रवादाने रंगवलेले देखणे चित्र होय, ही टीका पुढे झाली. ती रास्तच आहे.

‘एनामोरादा’ (१९४६) हा फेर्नान्देस-आर्मेन्दारिस या जोडगोळीचा सर्वांत जिवंत चित्रपट. क्रांतिकारी सेनेचा जनरल खोसे हुआन रेयेस चोलुला शहर ताब्यात घेतो, श्रीमंतांना वेठीस धरतो आणि त्यांच्यातल्याच एकाच्या फटकळ मुलीवर भाळतो. ती मारिया फेलिक्स. ती त्याला थोबाडीत देते. शहर थरथर कापते आहे आणि जनरल गाल चोळतो आहे, हा विनोद आर्मेन्दारिस अजिबात ताणत नाही. रात्री तो तिच्या खिडकीखाली गाणारे घेऊन येतो. गाणे आहे ‘मालागेन्या’. ते गातात साथीदार, जनरल अंधारात नुसता उभा असतो. फिगेरोआचा कॅमेरा आधी खोलीत जाग्या झालेल्या फेलिक्सच्या डोळ्यांवर स्थिरावतो, मग त्याच्या चेहऱ्याकडे येतो. नेग्रेते असता तर स्वतः गायला असता आणि प्रेक्षकाने गाणे ऐकले असते. इथे प्रेक्षक ऐकणाऱ्याला पाहतो. अखेरीस ती घरदार सोडून त्याच्या घोड्याबरोबर पायी चालू लागते. हेच कथानक ‘द टॉर्च’ (१९५०) या नावाने इंग्रजीत पुन्हा चित्रित झाले. आर्मेन्दारिस तोच, नायिका पॉलेट गोडार्ड. त्यात मूळची धग उतरली नाही.

जॉन स्टाइनबेकच्या कथेवरील ‘ला पेर्ला’ स्पॅनिश आणि इंग्रजीत एकाच वेळी चित्रित करण्यात आला. मोती सापडलेल्या आणि त्यापायी उद्ध्वस्त झालेल्या कोळ्याच्या या भूमिकेसाठी आर्मेन्दारिसला आरिएल हा मेक्सिकोतला चित्रपट-पुरस्कार मिळाला. दोन भाषांतली ही सहजता त्याला हॉलिवूडकडे घेऊन गेली. जॉन फोर्डने ‘द फ्युजिटिव्ह’ (१९४७) मेक्सिकोतच चित्रित केला: फिगेरोआ छायालेखक, फेर्नान्देस सहनिर्माता, देल रिओ नायिका, आर्मेन्दारिस त्यात धर्मगुरूच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी होता. ‘फोर्ट अपाचे’ (१९४८) मध्ये त्याला सार्जंट ब्यूफोर्टची लहान भूमिका मिळाली. वाटाघाटीच्या प्रसंगात अपाचे या मूलनिवासी जमातीचा प्रमुख कोचीस स्पॅनिशमध्ये बोलतो आणि ब्यूफोर्ट दुभाष्याचे काम करतो. हेन्री फोंडाने वठवलेला उर्मट कर्नल ‘त्याला डुक्कर म्हणून सांग’ अशा थाटात ओरडतो आणि ते जसेच्या तसे पोहोचवण्याची वेळ सार्जंटवर येते. कोचीस झालेला मिगेल इन्क्लान हाच ‘मारिया कान्देलारिआ’तला दुष्ट दामिआन. मायदेशीचे नायक-खलनायक इथे एका दृश्याच्या कडेला उभे होते. ‘थ्री गॉडफादर्स’ (१९४८) मध्ये जॉन वेनच्या जोडीने त्याला जरा ऐसपैस वाव मिळाला, तरी हॉलिवूडने त्याला प्रमुख नायक म्हणून कधी पाहिले नाही.

मेक्सिकोत मात्र १९५० च्या दशकात त्याने स्वतःचीच प्रतिमा मोडणाऱ्या भूमिका स्वीकारल्या. रोबेर्तो गाबाल्दोनच्या ‘रोसाउरो कास्त्रो’ (१९५०) मध्ये तो गावावर सत्ता गाजवणारा गुंड पुढारी, तर ‘ला नोचे आवान्सा’ (१९५२) मध्ये स्वतःवरच खूश असलेला, बायकांना वापरून फेकणारा पेलोटा (भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ) खेळाडू. ‘एल रेबोसो दे सोलेदाद’ साठी त्याला पुन्हा आरिएल मिळाला. लुइस बुन्युएलच्या ‘एल ब्रुतो’ (१९५३) मध्ये भाडेकरूंना धाकात ठेवण्यासाठी घरमालकाने हाताशी धरलेला कत्तलखान्यातला मठ्ठ कामगार त्याने उभा केला. इतकी वर्षे ज्या शरीराची पूजा झाली, ते इथे दुसऱ्याच्या हातातले हत्यार होते. बुन्युएलने आठवणींत सांगितले आहे की आखूड बाह्यांचा सदरा बायकी दिसतो म्हणून तो घालायला आर्मेन्दारिस तयार नव्हता. पडद्यावर मर्दानगीची चिरफाड करू देणारा नट पडद्याबाहेर ती अशी जपत होता.

युरोपात त्याने फ्रेंच निर्मितीच्या ऐतिहासिक चित्रपटांत कामे केली. ‘लुक्रेस बोर्जिया’ (१९५३) मध्ये तो इटालियन सरदार चेझारे बोर्जिया होता. दशकाच्या उत्तरार्धात इस्माएल रोद्रिगेसच्या चित्रपटमालिकेत त्याने मेक्सिकन क्रांतीतला सेनानी पांचो व्हिया साकारला.

‘द कॉन्करर’ (१९५६) हा वेन आणि आर्मेन्दारिस यांचा चंगीझ खानावरचा फसलेला चित्रपट. वेनच्या मंगोल अवताराची आजही थट्टा होते. त्याचे चित्रीकरण १९५४ मध्ये यूटामधील सेंट जॉर्जजवळ झाले. आदल्याच वर्षी नेवाडातील अणुचाचण्यांची धूळ या भागावर पडली होती. चित्रीकरणातील सुमारे २२० जणांपैकी ९१ जणांना पुढे कर्करोग झाल्याचे ‘पीपल’ साप्ताहिकाने १९८० मध्ये लिहिले. वेनसारखे काही जण अट्टल धूम्रपान करणारे होते, त्यामुळे एकेका रुग्णाचे कारण छातीठोकपणे सांगता येत नाही.

१९६३ मध्ये ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ चे चित्रीकरण चालू असताना आर्मेन्दारिसचा कर्करोग बळावला होता आणि तो लंगडत होता. कुटुंबासाठी पैसे मिळावेत म्हणून त्याने काम सोडले नाही. दिग्दर्शक टेरेन्स यंगने त्याची दृश्ये आधी उरकून घेतली. काही लांबून घेतलेल्या दृश्यांत तर त्याच्या जागी यंग स्वतः उभा राहिला. पडद्यावर यातले काही कळत नाही. स्वतःच्या मुलांनाच हाताखाली नेमणारा, मिश्कील, चैनी केरीम बाँडच्या खांद्यावर बंदूक टेकवून, जाहिरातफलकावरच्या नटीच्या तोंडातल्या खिडकीतून निसटणाऱ्या शत्रूला टिपतो. केरीम मारला गेल्यानंतर चित्रपटातली ऊब कमी होते. काम संपवून काही आठवड्यांतच, १८ जून १९६३ रोजी, लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात आर्मेन्दारिसने आयुष्य संपवले. तो ५१ वर्षांचा होता. चित्रपट ऑक्टोबरमध्ये लंडनला प्रदर्शित झाला.

त्याचा मुलगा पेद्रो आर्मेन्दारिस धाकटा (१९४०–२०११) हाही मेक्सिको आणि हॉलिवूड दोन्हीकडे काम करणारा अभिनेता होता. ‘लायसन्स टू किल’ (१९८९) या बाँडपटात तो एका काल्पनिक देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला आहे.