मुदतपूर्व प्रसूतीचे भाकीत करणारे मॉडेल : कोल्हापुरात एथिक्स कमिटीकडे अर्ज कसा करावा

३७ आठवडे भरण्याआधी झालेली प्रसूती म्हणजे मुदतपूर्व प्रसूती. ती कोणाला होण्याची शक्यता जास्त, हे गरोदरपणातच सांगणारे मॉडेल (जुन्या नोंदींवरून धोका मोजणारी संगणकी पद्धत) बनवायचे असेल तर सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) असो वा खासगी मेडिकल कॉलेज, पहिल्या केसपेपरला हात लावण्याआधी एथिक्स कमिटीची (संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते ना, हे तपासणारी समिती) मंजुरी हवी. काम उरकल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही.

अर्ज संस्थेतील डॉक्टर किंवा संशोधक करतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला गाइडची सही लागते. इंजिनिअरिंग किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या रुग्णालयातील स्त्रीरोग विभागाचा डॉक्टर सहसंशोधक म्हणून आधीच घ्यावा. नुसते ‘डेटा द्या’ असे पत्र घेऊन गेल्यास फाइल पुढे सरकत नाही. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हेही पाहून घ्या.

कागद असे : प्रोटोकॉल (संशोधन कसे करणार याचा लेखी आराखडा), माहिती भरायचा प्रोफॉर्मा, सर्व संशोधकांचे बायोडेटा, संशोधन-नैतिकतेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, विभागप्रमुखांची संमती, खर्चाचा अंदाज, हितसंबंधांचे घोषणापत्र आणि संमतीपत्र. संमतीपत्र मराठीत तर हवेच, पण गडहिंग्लज, शिरोळ किंवा निपाणी भागातून येणाऱ्या बायकांसाठी कन्नड प्रतही जोडा. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागते. परदेशी निधी किंवा परदेशी संस्थेचा सहभाग असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी वेगळी.

फक्त जुने केसपेपर वापरणार असाल तर संमतीतून सूट मागता येते. त्यासाठी नाव, मोबाइल, पत्ता, आधार काढून टाकल्याचे आणि सांकेतिक क्रमांकांची किल्ली (कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी) कोणाकडे राहील याचे लेखी वर्णन द्यावे लागते. सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, अर्जदार नव्हे.

अर्ज खरा अडतो तो प्रोटोकॉलवर. मॉडेल कोणत्या आठवड्यात वापरायचे हे एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ ‘१८ ते २४ आठवड्यांच्या तपासणीत’. त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट भाकितासाठी वापरायची नाही. बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन तक्त्यात राहिले की मॉडेल फार हुशार वाटते. पण ते इंजेक्शन डॉक्टरांना धोका दिसल्यावरच दिलेले असते.

मग आठवडे मोजायचे कशावरून? एमसीपी कार्डावरची (गरोदरपणात मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड) शेवटच्या पाळीची तारीख ‘जोतिबाच्या यात्रेच्या आसपास’ अशा आठवणीवरून लिहिलेली असू शकते. दोन आठवड्यांची चूकही ३६ आठवड्यांचे बाळ ३८ चे करते. म्हणून पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून वय ठरवणार, असे स्पष्ट लिहा. ती सोनोग्राफी नसलेल्या नोंदींचे काय करणार, तेही लिहा. आपोआप कळा सुरू होऊन झालेली प्रसूती आणि रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी लवकर केलेले सिझेरियन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच खान्यात टाकू नका.

नमुन्याचा आकडा ‘३०० रुग्ण’ असा हवेतून काढलेला चालत नाही. भाकितासाठी किती घटक वापरणार त्यानुसार तो मोजावा लागतो. तयार मॉडेल पडताळायचे असेल तर किमान १०० मुदतपूर्व प्रसूती हव्यात असा जुना ठोकताळा आहे. प्रमाण १० टक्के धरले तर १,००० प्रसूती झाल्या. पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी जातात, ऊसतोडीची कुटुंबे हंगाम संपला की गावी परततात. १५ टक्के गळती धरली तर सुमारे १,१८० जणींची नोंद करावी लागेल.

नोंदी कमी पडल्या की कृत्रिम नोंदी वाढवण्याचा मोह होतो. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील गर्भाशयाच्या विद्युत संकेतांचा एक खुला संच आहे : ३०० नोंदी, त्यांत मुदतपूर्व फक्त ३८. कित्येक शोधनिबंधांनी आधी नोंदी वाढवल्या आणि मग मॉडेल शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदी अशी विभागणी केली, त्यामुळे शिकवलेल्या नोंदींच्या नकलाच तपासणीत आल्या. परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला, त्यामुळे अचूकता जवळपास शंभर टक्के! विभागणी आधी केल्यावर ती कोसळली.

योनीमार्गे सोनोग्राफी करून गर्भाशयमुखाची लांबी मोजणार असाल (२५ मिमी किंवा कमी म्हणजे धोका) तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायदा लागू होतो. संशोधनासाठी असली तरी प्रत्येक तपासणीचा फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा नोंद-अर्ज) भरावा लागतो. यंत्र त्या जागेसाठी नोंदलेले हवे. उसने पोर्टेबल यंत्र वॉर्डात आणणे थेट गुन्ह्यात मोडू शकते. सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (तपासण्यांची नोंद ठेवणारे उपकरण) जोडण्याचा प्रयोग ज्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला, तिथे ही ढिलाई खपेल असे समजू नये. प्रोफॉर्म्यात बाळाच्या लिंगाचा रकाना प्रसूतीनंतरच्या भागातच ठेवा. आखूड गर्भाशयमुख दिसलेल्या बाईला प्रोजेस्टेरॉन (मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठीचे संप्रेरक) द्यावेच लागेल. त्या उपचाराने प्रसूती लांबली तर मॉडेल चुकल्यासारखे दिसेल, म्हणून उपचाराची नोंद वेगळी ठेवा.

आणखी एक : गरोदर मुलगी १८ वर्षांखालील निघाली तर पोक्सोखाली (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्या वेळी काय करणार, हे अर्जातच असू द्या.

पडताळणीसाठी दुसरे रुग्णालय घ्याल तर परवानगीही दुसरी. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सक, प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. हा खटाटोप टाळू नका. सीपीआरमध्ये जिल्हाभरातून आणि कोकणातून अवघड केसेस पाठवल्या जातात, त्यामुळे तिथे मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण मुळातच जास्त असणार. तिथे बनवलेले मॉडेल आरोग्य केंद्रात नेले की साध्या बाईलाही ३० टक्के धोका दाखवू लागते. म्हणून निकालात नुसता एयूसी (धोका असलेल्या आणि नसलेल्या बायका मॉडेल किती नीट वेगळ्या करते याचा आकडा) न देता सांगितलेला धोका आणि प्रत्यक्ष घडलेले प्रमाण यांचा मेळ दाखवणारा आलेख द्या. अहवालासाठी ट्रायपॉड-एआय (२०२४) ही भाकीत-मॉडेलच्या अहवालात काय काय असावे याची तपासणी-सूची आहे. ती प्रोटोकॉल लिहितानाच समोर ठेवली तर कमिटीचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

मंजुरीनंतर प्रोफॉर्म्यात एक रकाना वाढवला तरी सुधारणा-अर्ज करावा लागतो, आणि वर्षाला प्रगती अहवाल द्यावा लागतो.